कड्यावरून पडलेले न्यायाधीश आणि 'गोड' शब्द

पत्राचा सारांश: एका ख्रिस्ती मंडळीत बायबल अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका भगिनीचं हे पत्र आहे. मंडळीच्या कारभारी समितीच्या प्रमुखांवर पैशांच्या अफरातफरीचे आरोप झाले, चौकशी लागली आणि त्यांना पद सोडावं लागलं. इतकी वर्षं मंडळीत त्यांचाच शब्द शेवटचा असे. या भगिनीला वर्गाची जबाबदारीही त्यांनीच दिली होती. नेमक्या याच दिवसांत वर्गात बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १४१ आलं. त्याचं सहावं वचन साधारण असं आहे: 'त्यांचे न्यायाधीश कड्यावरून खाली टाकले गेले; ते माझे शब्द ऐकतील, कारण ते गोड आहेत.' त्यावरून वर्गात दोन तट पडले. काहींना वाटतं, हे वचन देवाने आपल्यासाठीच पाठवलं. काही म्हणतात, असली वचनं मंडळीत वाचूच नयेत. भगिनी विचारतात: "या वचनाचा खरा अर्थ काय? कोणी कोणाला लोटलं, आणि त्यात गोड ते काय? शिवाय मनातलं सांगते, ते पायउतार झाल्याचं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. हे पाप आहे का? वचन शिकवू की गाळून पुढे जाऊ?"

ताई,

वचन गाळू नका, हे आधीच सांगून टाकते. कसं शिकवायचं ते सावकाश बघू.

तुम्ही 'खरा अर्थ' विचारलात. असा एकच अर्थ ठरलेला असणार, तो कुणा जाणकाराने सांगितला की वर्गातले दोन्ही तट गप्प बसतील, असं तुम्ही मनात धरलेलं दिसतं. या वचनाच्या बाबतीत तसं होणार नाही. स्तोत्र १४१ ची पाचवी ते सातवी वचनं हिब्रूच्या अभ्यासकांनाही अडवत आली आहेत. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोम या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने याच स्तोत्रावर बोलताना म्हटलं होतं की, याचे शब्द जवळजवळ सगळ्यांना पाठ आहेत, अर्थ मात्र ठाऊक नाही. तेव्हा मंडळ्यांमध्ये हे स्तोत्र रोज संध्याकाळी म्हटलं जाई. तुमचा वर्ग सोळाशे वर्षांच्या जुन्या रांगेत उभा आहे, एवढंच.

अडचण कुठे आहे ते थोडं बघा. सहाव्या वचनातलं मुख्य क्रियापद २ राजे ९:३३ मध्ये येतं. तिथे बंड करून उठलेला येहू राणी ईजबेलला खिडकीतून 'खाली टाका' म्हणतो. पण बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात, सातव्या वर्षी ऋणकोचं कर्ज 'सोडून द्या' अशी आज्ञा आहे, तिथेही हेच क्रियापद आहे. म्हणजे न्यायाधीश कड्यावरून लोटले गेले असं वाचता येतं, तसंच कड्यापाशी त्यांना सोडून दिलं असंही वाचता येतं. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात ते खडकाजवळ 'गिळले गेले' असं आहे. काही आधुनिक इंग्रजी भाषांतरांनी खडक बाजूलाच ठेवला आणि 'त्यांना दोषी ठरवणाऱ्यांच्या हाती दिलं जाईल' असं केलं. शिवाय क्रियापदाचं रूप घडून गेलेल्या गोष्टीचं असलं, तरी कित्येक भाषांतरकार ते भविष्यकाळात नेतात, कारण पुढचं 'ऐकतील' त्यांना तसं जुळवून घ्यावं लागतं.

हे तपशील मी पांडित्य दाखवायला देत नाही. वर्गातले काहीजण ज्या ठामपणे 'हे आपल्यासाठीच' म्हणतात, तेवढा ठामपणा या ओळीतून निघत नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. हाताशी असतील ती दोन-तीन भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. निम्मा वाद तिथेच मऊ पडतो.

आता कडा. लोटून मारणं ही त्या काळात नुसती बोलण्याची रीत नव्हती. २ इतिहास २५:१२ मध्ये अमस्या राजाच्या काळात यहूदा राज्याच्या लोकांनी शत्रूच्या सेईर प्रदेशातली दहा हजार माणसं जिवंत धरली, खडकाच्या माथ्यावर नेली आणि तिथून खाली ढकलली. आणि लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथचे लोक सभास्थानातून संतापून उठतात आणि येशूलाच डोंगराच्या कडेला नेतात, लोटून द्यायला. ढकलणाऱ्यांना आपण योग्यच करतोय असं वाटत असतं, दोन्हीकडे. 'कड्यावरून टाकले गेले' हे वाचताना आपण आपसूक ढकलणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतो, म्हणून हे सांगितलं.

मला स्वतःला 'सोडून दिलं' हे वाचन सिद्ध करता येणार नाही, पण ते मनातून जात नाही. काही जुन्या भाष्यकारांनी ते १ शमुवेल २४ शी, म्हणजे जिवावर उठलेल्या शौल राजाला दावीदाने हाती सापडूनही सोडून दिलं त्या प्रसंगाशी, जोडलं आहे. स्तोत्राच्या शीर्षकात दावीदाचं नाव आहे, शौलाचं नाही. पण लगेच पुढच्या १४२ व्या स्तोत्राच्या शीर्षकात दावीद गुहेत असताना केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख आहे, तेव्हा ही जोड अगदीच हवेत नाही. प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. शौल तीन हजार निवडक माणसं घेऊन एन-गेदीच्या रानात, रानबकऱ्यांच्या खडकांवर दावीदाला शोधतोय. मधेच तो एकटा एका गुहेत शिरतो. आत अंधारात दावीद आणि त्याची माणसं बसलेली आहेत. ती कुजबुजतात, 'परमेश्वराने सांगितलेला दिवस तो हाच!' तुमच्या वर्गात जे म्हटलं गेलं ते शब्दाला शब्द लावून जवळजवळ हेच. दावीद उठतो, पण शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतो, आणि तेवढ्यावरही त्याचं मन त्याला टोचतं. एका काठावरून! मग शौल बाहेर पडल्यावर दावीद मागून हाक मारतो, जमिनीपर्यंत लवून बोलतो आणि हातातला तो कापडाचा तुकडा दाखवतो. शौल ऐकतो आणि मोठ्याने रडतो. खडकापाशी राजा सुटला आणि त्याने दावीदाचे शब्द ऐकले. सहावं वचन इथे नुसतं ठेवून पाहा, बसतंय का ते वर्गाला ठरवू दे.

पण 'कडेलोट' हाच अर्थ घेतला, बहुतेक भाषांतरांनी घेतला आहे तसा, तरी एक गोष्ट राहतेच. न्यायाधीश 'त्यांचे' आहेत. आणि पुढे 'ते' ऐकतील असं आहे. हे दुसरे 'ते' कोण? पडलेले न्यायाधीश असू शकतील, पण कड्यावरून पडलेला माणूस कसलं ऐकतोय. मला वाटतं, ऐकणारे म्हणजे त्या न्यायाधीशांच्या मागे चालणारे लोक. आजवर त्यांच्या कानावर एकाच माणसाचा आवाज पडत होता, तो थांबला. आता त्यांना पहिल्यांदा दुसरं काही ऐकू येणार आहे.

आणि त्यांना ऐकू काय येतं? सातवं वचन उघडा. विजयाचा जयघोष तिथे नाही. जमीन नांगरून ढेकळं फोडावीत तशी आमची हाडं अधोलोकाच्या तोंडाशी विखुरली आहेत, असं ते म्हणतं. 'आमची', बरं का. हे इतकं अवघड वाटलं की काही जुन्या हस्तलिखितांत तिथे 'त्यांची हाडं' असं आढळतं, आणि एका प्रचलित इंग्रजी भाषांतराने 'ते म्हणतील' एवढं पदरचं घालून ही ओळ दुष्टांच्या तोंडी दिली आहे. हिब्रू पाठात मात्र 'आमची'च आहे, आणि मला तो पाठ तुमच्या मंडळीच्या फार जवळचा वाटतो. प्रमुख पडले तेव्हा एकटेच पडले का? त्यांनी सांगितलं तिथे विश्वासाने सही करणारा खजिनदार असेल. दर महिन्याला पाकीट आणून देणारी एखादी म्हातारी असेल, तिला आता कोणाच्या तोंडाकडे पाहावं कळत नसेल. त्यांची पत्नी आणि मुलं अजून त्याच बाकावर येऊन बसत असतील आणि त्या बाकाच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहत असेल. मोठा माणूस पडला की हाडं मंडळीची विखुरतात. पहिल्या तटाला हे वचन हवं असेल तर सातव्यासकट घ्यावं लागेल.

दुसऱ्या तटाची भीतीही मी उडवून लावणार नाही. पडणाऱ्यांबद्दलची वचनं हत्यारासारखी वापरली जातात, हे खरंच आहे. २००९ च्या सुमारास अमेरिकेत स्तोत्र १०९:८, 'त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो', हे वचन त्यांच्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून गाड्यांवरच्या चिकटपट्ट्यांवर आणि टी-शर्टांवर झळकलं. 'त्याची मुलं पोरकी होवोत' हे लगेच पुढचं वचन आहे. ते छापलेलं नसलं तरी स्तोत्र जाणणाऱ्याला ते न छापताही वाचता येतं. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या आपल्या प्रहरप्रार्थनेतून, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या प्रार्थनांतून, ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली, आणि इतर काही स्तोत्रांतली कठोर वचनंही. १४१ वं तिथे ठेवलं आहे, पण नवव्या वचनापर्यंतच. 'दुष्ट आपल्याच जाळ्यात पडोत' हे दहावं नाही. तेव्हा वगळू पाहणारे एकटे नाहीत, आणि भित्रेही नाहीत.

तरीही मी 'गाळू नका' म्हणते, त्याचं कारण प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात आहे. तेच १०९:८ येशूचा शिष्य पेत्र, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताबद्दल उद्धृत करतो. कशासाठी? रिकामी झालेली जागा भरण्यासाठी. दोन नावं पुढे येतात, प्रार्थना होते, चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि मत्थियाची निवड होते. कठोर वचन हातात आल्यावर माणसं कामाला लागू शकतात, हे तिथे दिसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बरं वाटलं, हे पाप आहे का? नीतिसूत्रे ११:१० म्हणतं, नीतिमानांचं भलं झालं की नगर आनंदतं आणि दुष्ट नष्ट झाले की जयघोष होतो. त्याच पुस्तकात २४:१७ सांगतं, तुझा शत्रू पडला तर हर्ष करू नको. शिकवणाऱ्यांनी दोन्ही वचनं एका पुस्तकात ठेवली आणि एकाने दुसऱ्याला खोडलं नाही. तेव्हा 'पाप की नाही' यापेक्षा 'नेमकं कशाने बरं वाटलं' हे स्वतःला विचारा. मंडळीचा पैसा आता तरी गळायचा थांबेल, म्हणून? तर त्यात लाजण्यासारखं काही नाही; नगराचा आनंद तो हाच. आपण पूर्वी शंका काढली होती, तिला कोणी किंमत दिली नव्हती, ती खरी निघाली, म्हणून? हेही माणसासारखंच आहे, पण ते जपून ठेवू नका, आंबतं. की ज्यांच्यापुढे मान वर करता येत नव्हती त्यांची मान खाली गेली, म्हणून? हा तिसरा आनंद असेल तर तो मैत्रिणीला सांगण्याआधी देवाला सांगा. स्तोत्रांमध्ये माणसं असलं सगळं देवापुढे ओकतात, आणि म्हणूनच ते दुसऱ्या माणसावर पडायचं वाचतं.

इथे तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे बोट दाखवणं भाग आहे. वर्गाची जबाबदारी त्यांनीच दिली, असं तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढे गेलात. स्तोत्रकर्ता चौथ्या वचनात म्हणतो, दुष्कर्म करणाऱ्यांची मिष्टान्नं मला खायला लावू नको. पाचव्यात म्हणतो, नीतिमानाने मला मारलं तर ती कृपाच. ते माझ्या डोक्याला तेल, माझं डोकं ते नाकारणार नाही. कड्याचं वचन येण्याआधी हे दोन टप्पे त्याने ओलांडले आहेत. तुम्ही काही वाईट केलंत असं मी अजिबात सुचवत नाही. पण त्यांच्या मर्जीतल्या लोकांना जी जागा मिळत होती तिची सोय तुम्हालाही झाली असेल, तर वर्गासमोर उभं राहण्याआधी ते स्वतःशी कबूल केलेलं बरं. या स्तोत्रावर ज्याचं नाव आहे तो दावीदच पुढे भ्रष्ट सत्ताधीश होतो, आपल्याच सैनिकाला, उरीयाला, मरायला पाठवतो, आणि नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर म्हणतो, 'तो मनुष्य तूच आहेस.' न्यायाधीश आणि 'मी' अशी कायमची वाटणी या पुस्तकात कुठेच टिकत नाही.

आता 'गोड'. पडणाऱ्याला पाहून गोड वाटलं, असं वचनात नाही. शब्द गोड आहेत. मग तुमच्यापाशी तसे शब्द आहेत का? 'मी तेव्हाच सांगितलं होतं' हे गोड नव्हे, खरं असलं तरी. त्या म्हातारीला 'तुम्ही विश्वास ठेवलात यात तुमचं काही चुकलं नाही' हे गोड आहे. खजिनदाराला 'कागद घेऊन चौकशी समितीपुढे जा, हवं तर मी सोबत येते' हे आहे. सगळ्या मंडळीला 'पैशाचं काय झालं ते अजून पूर्ण कळलेलं नाही, कळेल तसं सांगितलं जाईल, आणि मीसुद्धा पूर्वी प्रश्न विचारायला हवे होते' हेही. असे शब्द आयत्या वेळी सुचत नाहीत. एकदा लिहून काढा आणि मोठ्याने वाचून पाहा. तिसऱ्या वचनातला ओठांच्या दारावरचा पहारेकरी तोवर कामावर ठेवा. व्हॉट्सॲपच्या गटावर सहाव्या वचनाची रंगीत चित्रं फिरत असतील तर त्याने जरा बोटांकडेही लक्ष द्यावं.

वर्गाचं म्हणाल तर घाई नको. या स्तोत्राला दोन बैठका द्या. पहिल्या बैठकीत दहाही वचनं दोनदा मोठ्याने वाचा आणि भाष्य न करता प्रत्येकाला विचारा, कुठली ओळ अडली. लोकांच्या लक्षात येईल की दुसऱ्याच्या पतनाबद्दल थेट बोलणारी वचनं जेमतेम दोन आहेत, बाकी स्वतःचं तोंड, स्वतःचं मन, स्वतःवरचे फटके यांबद्दलच आहे. सहाव्याचा वाद दुसऱ्या बैठकीत घ्या, आधी सांगितल्याप्रमाणे भाषांतरं समोर ठेवून. वर्गात त्या प्रमुखांचं नाव घेऊ नका आणि घेऊ देऊ नका. चौकशी चालू आहे, आरोप अजून ठरायचे आहेत, आणि अभ्यासवर्ग हे साक्षी नोंदवायचं ठिकाण नाही. कोणाकडे सांगण्यासारखी माहिती असेल तर तारखा आणि कागद यांसह लेखी स्वरूपात चौकशी करणाऱ्यांकडे द्यायला सांगा. बायबलच्या वचनाने हिशेबाची तपासणी होत नाही, आणि हिशेब तपासनिसाला स्तोत्राचा अर्थ लावायला कोणी बोलावत नाही. दोन्ही कामं आपापल्या खोलीत होऊ द्या.

एवढं सगळं करूनही कोणीतरी विचारेलच, 'मग त्यांना क्षमा करून परत घ्यायचं का?' त्यासाठी पुन्हा १ शमुवेल २४ चं शेवटचं वचन वाचून दाखवा. शौल रडला, 'तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस' म्हणाला, दावीदाने त्याच्यापुढे शपथही वाहिली. आणि मग शौल आपल्या घरी गेला, दावीद आणि त्याची माणसं गडावर गेली. दावीद त्याच्याबरोबर राजवाड्यात परतला नाही, आणि ते बरंच झालं, कारण २६ व्या अध्यायात शौल पुन्हा तीन हजार माणसं घेऊन मागावर आहे. क्षमा मनातून देता येते, आजच देता येते. तिजोरीच्या किल्ल्या आणि सहीचा अधिकार मात्र चौकशीचा निकाल हाती आल्यावर समितीने ठरवायचा विषय आहे. तुमच्या वर्गाला तो ठरवायचा नाही. तसं स्पष्ट सांगा आणि पुढच्या आठवड्यासाठी १४२ वाचून यायला सांगा.